तपासणीच्या रांगेत पुरुष कोठे आहे?

लग्नाला दोन-तीन वर्षे उलटली आणि घरात पाळणा हलला नाही, की पुढे काय घडते याचा क्रम महाराष्ट्रात सर्वांना पाठ आहे. प्रथम घरातील कुजबुज, मग शेजारणींचे सल्ले, मग नवस, उपास, गंडेदोरे आणि अखेरीस दवाखाना. या वाटेवर चालणारी व्यक्ती मात्र एकच असते. ती म्हणजे घरची सून. ओटीभरणाच्या वेळी तिला टाळले जाते, डोहाळजेवणात तिची सावली नको असते. डॉक्टरांच्या दारी ती पोहोचते तेव्हा तिच्यासोबत बहुधा सासू किंवा आई असते. नवरा आलाच तर बाहेर मोटारसायकलपाशी उभा राहतो. मूल होण्यासाठी दोघे लागतात हे अक्षरशत्रू माणसालाही ठाऊक असते. मग मूल न होण्याचे कारणही दोघांपैकी कोणातही असू शकते, हा त्याच ज्ञानाचा सरळ निष्कर्ष पदवीधरांच्या घरांतही का काढला जात नाही?

वैद्यकशास्त्राला याबाबत संदेह नाही. बारा महिने नियमित आणि अनिर्बंध संबंध राहूनही गर्भधारणा झाली नाही, तर त्या स्थितीला वंध्यत्व म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे दर सहांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा या स्थितीचा अनुभव येतो. श्रीमंत देशांत हे प्रमाण १७.८ टक्के आहे आणि मध्यम व गरीब देशांत १६.५ टक्के. तेव्हा हे सुखवस्तूंचे दुखणे आहे, ही समजूत प्रथम बाजूला ठेवली पाहिजे. अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारण आढळते. कधी ते एकटेच असते, कधी स्त्रीकडील कारणाच्या जोडीने. दोष निम्मा आणि दंड संपूर्ण एकीलाच, असा हा न्याय आहे.

भाषाही या न्यायाची साक्षीदार आहे. 'वांझ' हे विशेषण मराठीत स्त्रीला लागते, गाईला लागते, झाडाला आणि जमिनीलाही लागते. पुरुषाला ते लागत नाही. पुरुषासाठी राखून ठेवलेले 'षंढ', 'नामर्द' हे शब्द अगदी वेगळ्या गोष्टीचे, म्हणजे शरीरसंबंधातील असमर्थतेचे, वाचक आहेत. वास्तविक शरीरसंबंधात कोणतीही उणीव नसलेल्या धडधाकट पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतू अत्यल्प असू शकतात, किंवा मुळीच नसू शकतात. त्याला स्वतःला त्याचा पत्ता लागण्याचा कोणताही मार्ग नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून ते कळत नाही. प्रजननक्षमता आणि पौरुष यांची ही गल्लत हेच पुरुषाच्या भयाचे मूळ आहे. तपासणीला नकार देणारा नवरा नेहमी दुष्ट असतो असे नव्हे. पुष्कळदा तो घाबरलेला असतो आणि त्याच्या भीतीची किंमत दुसरी कोणी तरी मोजत असते. नवऱ्यात दोष निघाल्यावर तो चारचौघांत आपल्या अंगावर घेणाऱ्या स्त्रियाही थोड्या नाहीत. त्यांच्या त्यागाचे कौतुक करणारे नातेवाईक हा त्याग तिलाच का करावा लागला, हे विचारीत नाहीत.

धर्मशास्त्रांनी पुरुषाला बीज आणि स्त्रीला क्षेत्र मानले. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वंध्या स्त्री असताना आठव्या वर्षी दुसरी करावी, आणि केवळ मुलीच होत असतील तर अकराव्या वर्षी करावी, अशी व्यवस्था सांगितली आहे. बीजाबद्दल शंका घेण्याची सोय त्या व्यवस्थेत पतीविरुद्ध वापरता येत नव्हती. अर्थात राजवंश बुडण्याची वेळ आली, की हेच शास्त्रकार नियोगाची वाट दाखवीत. महाभारतातील पांडूची कथा पाहिली म्हणजे पुरुषामुळे अपत्य होत नसते ही गोष्ट प्राचीनांना ठाऊक नव्हती असे म्हणवत नाही. ती ठाऊक होती. राजाच्या घरी ती मान्य करण्याचा मार्ग होता, सामान्याच्या घरी नव्हता. पुढे मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने द्विभार्येची प्रथा कायद्यापुरती संपली. परंतु मूल होत नाही म्हणून माहेरी पाठविलेल्या स्त्रिया गावोगाव आहेत आणि त्यांतील कितींच्या नवऱ्यांची तपासणी झाली होती, हा प्रश्न त्यांना कोणत्याही पंचायतीने विचारलेला नाही.

शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सोयाबीन उगवले नाही, तेव्हा शेतकऱ्यांनी बियाण्यांविरुद्ध तक्रारी केल्या, पंचनामे मागितले. जमिनीला कोणी दूषण दिले नाही. पेरणीपूर्वी गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहणारा हाच माणूस स्वतःच्या संसारात मात्र क्षेत्राचीच चौकशी करतो. विज्ञानाच्या इतिहासातही हाच उलटा क्रम दिसतो. लीवेनहूकने शुक्रजंतू १६७७ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिले. सस्तन प्राण्यांचे स्त्रीबीज फॉन बेअरला दिसले ते १८२७ साली. म्हणजे पुरुषबीज दीडशे वर्षे आधी माणसाच्या दृष्टीस पडले. त्याची तपासणी मात्र अजूनही सर्वांत शेवटी होते. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्रजंतूवर ठरते, हेही १९०५ सालच्या नेटी स्टीव्हन्स यांच्या संशोधनापासून ज्ञात आहे. त्याचा उपयोग मुली झाल्या म्हणून टाकलेल्या किती स्त्रियांना झाला, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

आता या प्रश्नाच्या अर्थकारणाकडे वळू. वीर्यतपासणीला सुई लागत नाही, भूल लागत नाही, रुग्णालयात राहावे लागत नाही. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना द्यावयाचा आणि तो साधारण तासाभराच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा, एवढीच ती प्रक्रिया आहे. खाजगी प्रयोगशाळेतही ती काही शे रुपयांत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत एक मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची संदर्भमर्यादा दिली आहे. तीही लक्ष्मणरेषा नव्हे, कारण तिच्या खाली संख्या असलेल्यांनाही मुले होतात. अहवाल सदोष आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासून खात्री करता येते. उलट स्त्रीच्या तपासण्या पाहा. रक्ताच्या अनेक चाचण्या, वारंवार सोनोग्राफी, गर्भनलिकांत औषध सोडून काढलेले क्ष-किरण चित्र, कधी भूल देऊन पोटात दुर्बीण घालून केलेली पाहणी. यांतील काहींना वेदना आहेत, काहींना धोका आहे आणि बहुतेकांना खर्च आहे. स्वस्त आणि निरुपद्रवी तपासणी प्रथम, महाग आणि धोक्याची नंतर, हा क्रम व्यवहारी शहाणपणानेही ठरला असता. तरीही तो पाळला जात नाही. स्वस्त तपासणीत कोणाचा नफा नाही, आणि पहिल्याच दिवशी नवऱ्याला 'तुम्ही आधी' असे सांगितले तर ते गिऱ्हाईक दुसऱ्या दाराशी जाईल हे दुकानदाराला पक्के ठाऊक असते. सर्वच डॉक्टर असे वागतात असा आरोप येथे नाही. पण बाजाराचा कल या दिशेने आहे, यात शंका नाही.

कर भरणारा एक आणि त्याचा भार अखेर सोसणारा दुसराच, हे अर्थशास्त्राचे जुने निरीक्षण आहे. वंध्यत्वाच्या उपचारांत त्याचे अत्यंत क्रूर रूप दिसते. १९९२ साली ब्रसेल्सच्या संशोधकांनी एकच शुक्रजंतू सुईने थेट स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा घडविल्याचे प्रसिद्ध केले. ज्या पुरुषांना आपले मूल होण्याची आशाच नव्हती त्यांना या तंत्राने पिता होता आले आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या उपचारात शरीर कोणाचे राबते? कारण पुरुषाकडे असले तरी दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावयाची ती तिने, भूल घेऊन बीजे काढून घ्यावयाची ती तिने आणि अपयश आल्यावर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा तोही तिनेच. पुरुषाच्या वृषणाभोवतीच्या फुगलेल्या नीला, जुना जंतुसंसर्ग, संप्रेरकांची कमतरता, तंबाखू व दारू यांचा परिणाम, अशा ज्या कारणांवर काही प्रमाणात उपचार किंवा प्रतिबंध शक्य आहे, त्यांची चौकशीही न करता जोडप्याला थेट कृत्रिम गर्भधारणेच्या पायरीवर नेऊन बसविणे हे विज्ञान नव्हे, व्यापार आहे.

या व्यापाराची सुरुवात व्यापार म्हणून झाली नव्हती, ही आठवण ठेवण्याजोगी आहे. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी जन्मलेली परीक्षानलिकेतील बालिका महापालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात जन्मली, आणि त्या कामात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या परळ येथील संस्थेचा सहभाग होता. करदात्यांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या सार्वजनिक संस्थांनी हे ज्ञान या देशात रुजविले आणि पुढील दशकांत त्याची बाजारपेठ बहुतांशी खाजगी हाती गेली. आज एका आवर्तनाचा खर्च लाखाच्या घरात जातो, यशाची हमी नसते आणि लहान शेतकरी तो भागविण्यासाठी जमिनीचा तुकडा विकतो किंवा सावकाराकडे जातो. साहाय्यित प्रजननासंबंधीचा २०२१ चा कायदा जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्याने केंद्रांची नोंदणी केली, वयाच्या मर्यादा घातल्या. दरांना मर्यादा घातली नाही. आयुष्मान भारत योजनेने वंध्यत्वावरील उपचार आपल्या यादीतून वगळले आहेत. गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ साली हे उपचार मोफत देण्याचा आरंभ झाला. लहानशा राज्याला जे सुचले ते महाराष्ट्राला परवडणार नाही, असे म्हणण्यास आधार नाही.

येथवर प्रश्न आरोग्याचा आणि बाजाराचा होता. तो कामगार चळवळीचा आहे हे कॅलिफोर्नियातील लॅथ्रोप या गावी १९७७ साली सिद्ध झाले आणि तो इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. लॅथ्रोपला ऑक्सिडेंटल केमिकल या कंपनीचा कीटकनाशकांचा कारखाना होता. तेथे डायब्रोमोक्लोरोप्रोपेन, म्हणजे डीबीसीपी, नावाचे सूत्रकृमिनाशक हाताळले जाई. त्या विभागातील पुरुष कामगारांच्या आपापसांतील बोलण्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली: त्यांच्यापैकी पुष्कळांना मूल होत नव्हते. प्रत्येकजण ते आपल्या घरचे दुःख म्हणून उराशी बाळगून होता. सर्वांची दुःखे एकाच खात्यातील आहेत असे ध्यानात येताच त्यांनी ते संघटनेच्या माध्यमातून पुढे आणले आणि वीर्यतपासणी झाली. ज्यांनी तेथे कित्येक वर्षे काम केले होते त्यांच्यात शुक्रजंतू जवळजवळ नव्हते. जे नुकतेच कामास लागले होते त्यांची संख्या ठीक होती. काळ आणि हानी यांचा असा स्वच्छ संबंध क्वचितच पाहावयास मिळतो.

याहून गंभीर गोष्ट पुढे उघड झाली. या रसायनाने उंदरांचे वृषण आकसतात, असे दाखविणारे प्रयोग १९६१ सालीच प्रसिद्ध झाले होते आणि ते प्रयोग उत्पादक कंपन्यांच्याच पुढाकाराने झाले होते. सोळा वर्षे ती माहिती कागदावर पडून राहिली आणि कामगार पिंपे भरीत राहिले. अमेरिकेत या रसायनाच्या बहुतेक वापरावर १९७९ साली बंदी आली. हवाईतील अननसाच्या मळ्यांना सवलत मिळाली. तीही १९८५ साली संपली. पण कोस्टारिका आणि मध्य अमेरिकेतील अन्य देशांत केळीच्या मळ्यांवर ते १९७७ नंतरही वापरले गेले आणि तेथील हजारो मजुरांना वंध्यत्व आले. त्यांचे दावे पुढे अनेक वर्षे न्यायालयांत घोळत राहिले. भांडवलाच्या निष्ठुरतेचा नमुना हवा असेल तर पीच उत्पादकांच्या राष्ट्रीय मंडळाच्या सचिवाने त्याच १९७७ साली अमेरिकन सरकारच्या कामगार-सुरक्षा खात्याला लिहिलेले पत्र पाहावे. ज्यांना आणखी मुले नकोत अशा कामगारांनी हे काम स्वेच्छेने पत्करावे, नसबंदीला तो पर्याय होईल, अशी सूचना त्याने गंभीरपणे केली होती.

या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात आणि त्यासाठी वृषणांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असावे लागते. ही प्रक्रिया अखंड चालू असते म्हणूनच ती नाजूक असते. बाहेरच्या विषाची आणि उष्णतेची नोंद ती त्वरेने करते. शिसे हाताळणारा, भट्टीपुढे किंवा ओव्हनपुढे उभा राहणारा, पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारा, यांच्या प्रजननक्षमतेचा प्रश्न त्यांच्या कामाच्या जागेपासून तोडता येत नाही. प्रत्येक धंद्यात हानी सिद्ध झाली आहे असे नव्हे, आणि प्रत्येक निपुत्रिक कामगाराचे दुःख कारखानदाराच्या माथी मारणे हाही प्रचारच होईल. पण शोध घेतल्यावाचून ते कळणार कसे? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले, तेव्हा चर्चा मृत्यूंची झाली आणि ती व्हावयासच हवी होती. जे वाचले, जे दरवर्षी हातमोजे आणि मुखपट्टीवाचून फवारतात, त्यांच्या प्रजननक्षमतेची चौकशी कोणी केली? केरळात कासरगोडच्या काजूबागांवर एंडोसल्फानची हेलिकॉप्टरमधून फवारणी होई. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तेथील शाळकरी मुलग्यांची तपासणी करून त्यांच्या लैंगिक वाढीत विलंब आढळल्याचे २००३ साली प्रसिद्ध केले होते. त्या औषधावर सर्वोच्च न्यायालयाची बंदी येण्यास २०११ साल उजाडावे लागले.

शहरी तरुणांत एक नवा धोका आहे आणि त्याचा मालक-मजूर संबंधांशी काही संबंध नाही. पिळदार शरीरासाठी व्यायामशाळांतून टेस्टोस्टेरॉन आणि तत्सम संप्रेरके सर्रास टोचली जातात. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःची निर्मिती थांबविते आणि शुक्रजंतूंची पैदास बंद पडते. मर्दानगीच्या हव्यासाने पितृत्व गमावण्याचा हा प्रकार हास्यास्पद वाटला असता, जर त्यामागे एखादी तरुणी दवाखान्याच्या फेऱ्या मारीत नसती.

चळवळीतील काही मंडळी येथे एक आक्षेप घेतील. एवढ्या लोकसंख्येच्या देशात मूल न होणे हा कसला प्रश्न, असे ते म्हणतील. हा आक्षेप जुना आहे आणि त्याचे परिणाम देशाने भोगले आहेत. माणसांकडे केवळ संख्या म्हणून पाहणाऱ्या शासनाने १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया केल्या. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. या साप्ताहिकाच्या ज्येष्ठ वाचकांपैकी अनेकांनी ती वर्षे तुरुंगात काढली आहेत. पुरुषाच्या प्रजननाकडे या राज्यसंस्थेचे लक्ष गेले ते असे, पोलिसांच्या गाडीतून. लोकांनी १९७७ साली त्याचे उत्तर दिले, परंतु त्यानंतर शासनाने पुरुषाला जणू वगळूनच टाकले आणि उद्दिष्टांचा सर्व भार स्त्रीवर लोटला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. ज्यांच्या पतीची झालेली होती त्या अवघ्या ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया दोहोंत सोपी आणि कमी धोक्याची असतानाही ही स्थिती आहे. गर्भनिरोध हे बायकांचे काम आहे, असे मानणारे पुरुष त्याच पाहणीत ३५ टक्के निघाले. मूल नको असेल तर शस्त्र तिच्या पोटावर आणि हवे असेल तर सुया तिच्या दंडात. दोन्ही प्रसंगी पुरुष प्रेक्षक. देशाचा एकूण जननदर त्याच पाहणीत २.० पर्यंत उतरलेला आहे. तेव्हा लोकसंख्येच्या स्फोटाचे भय दाखवून कोणाच्या वंध्यत्वाची उपेक्षा करण्याचे निमित्तही उरलेले नाही. किती मुले हवीत, आणि एकही नको की काय, हे ठरविण्याचा जो अधिकार आहे त्यातच हवे असलेले मूल होण्यासाठी साहाय्य मिळण्याचा अधिकार येतो.

या बाबतीत समाजवादी चळवळीनेही आत्मपरीक्षण करावे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला कायदा केला त्यामागे स्त्री-चळवळीचे परिश्रम होते. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये काढण्याचा प्रकार २०१९ साली गाजला तेव्हाही आवाज उठविला तो प्राधान्याने स्त्री-संघटनांनी. कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत प्रसूती रजा असते, पाळणाघर असते. पुरुष कामगाराच्या प्रजनन आरोग्याचे एकही कलम बहुधा नसते. युनियनच्या बैठकीत हा विषय काढला तर खसखस पिकते आणि विषय पुढील बैठकीवर जातो.

मागण्या काही दुष्प्राप्य नाहीत. क्षयाची थुंकी आणि हिवतापाचे रक्त तपासणारा सूक्ष्मदर्शक प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आहे. तंत्रज्ञाला काही दिवसांचे प्रशिक्षण, मोजणीची एक काचपट्टी आणि आतून कडी लागणारी एक स्वच्छ खोली एवढ्या सामग्रीवर वीर्यतपासणी तालुक्याच्या ठिकाणी मोफत होऊ शकते. (सरकारी दवाखान्यात कडी लागणारी खोली मिळणे हेच कदाचित सर्वांत अवघड ठरेल.) पुरुषाचा अहवाल हाती आल्याखेरीज स्त्रीची कोणतीही शरीरभेदी तपासणी वा शस्त्रक्रिया सुरू करू नये, असा लेखी दंडक सरकारी आणि नोंदणीकृत खाजगी केंद्रांना लागू व्हावा. आशा कार्यकर्ती घरोघर जाते, पण ती सुनेशीच बोलू शकते; नवऱ्याशी बोलण्यासाठी पुरुष आरोग्यसेवकाला हे काम नेमून द्यावे आणि त्याची रिक्त पदे भरावीत. कीटकनाशके, शिसे आणि तीव्र उष्णता यांच्याशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या वार्षिक आरोग्यतपासणीत, कामगाराच्या संमतीने आणि पूर्ण गुप्ततेने, या तपासणीचा समावेश व्हावा. तिचा निष्कर्ष मालकाच्या हाती जाऊ नये, अन्यथा तो कामगाराला काढून टाकण्याचे आणखी एक साधन होईल.

यांतील पहिल्या दोन मागण्यांसाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. आरोग्य खात्याचे परिपत्रक पुरेसे आहे. पक्षाच्या तालुका शाखांनी आपापल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन ही तपासणी तेथे होते की नाही, होत नसल्यास तंत्रज्ञाचे पद किती काळ रिकामे आहे, याची लेखी माहिती मागवावी आणि रुग्णकल्याण समितीच्या येत्या बैठकीत तो विषय मांडावा. मांडणारा कार्यकर्ता पुरुष असावा.